‘बाबा नुसते बसून असतात’

“बाबांचा आळस कसा घालवायचा?” पाचपाखाडीतल्या एका मुलाने फोनवर विचारलं आणि लगेच पुढे म्हणाला, “फिजिओचे पैसे देतो ते कळतं. तुम्ही नक्की काय करता? खेळ घेता?”

मी रिक्रिएशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रुग्णाच्या छंदांतून आणि आवडीच्या कामांतून उपचार करते. ठाण्यात घरोघरी जाते. हे दोन प्रश्न जवळपास प्रत्येक घरात ऐकते, त्यामुळे आता राग येत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्या मुलाचे बाबा, म्हणजे काका, ६८ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला, डावा हात-पाय लुळा पडला. काठी घेऊन चालू लागले, डाव्या हातात थोडी ताकदही आली. पण ती वापरायचेच नाहीत. सकाळपासून टीव्ही.

माझी पहिली भेट सपशेल फसली. रंगीत रिंगा आणि ठोकळे काढले, तर काका म्हणाले, “बालवाडी काढलीय का?” आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांचं बरोबरच होतं. हा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करायचा, हे न विचारताच मी पिशवी उघडून बसले होते.

दुसऱ्या वेळी पिशवी नेलीच नाही, काकूंशी बोलत बसले. गणपतीचं मखर काका दरवर्षी हाताने करायचे. आधी थर्माकोलचं, २०१८ मध्ये राज्यात बंदी आल्यावर पुठ्ठ्याचं. यंदा विकतचं आणायचं, असं घरात परस्पर ठरून गेलं होतं.

जांभळी नाक्यावरून पुठ्ठा आणि सोनेरी लेस घेऊन गेले. एवढंच विचारलं, “खांब किती उंच करायचे?”

“दोन फूट. आणि हा पुठ्ठा पातळ आहे.”

कमानीला लेस लावताना काका उजव्या टोकापासून निघाले, मध्यावर आले आणि थांबले. “झालं.” डावी अर्धी कमान कोरी. सूनबाई हळूच म्हणाली, “बघा, सगळं असंच अर्धवट सोडतात.”

सोडत नव्हते. त्यांच्यापुरती कमान तिथेच संपत होती. उजव्या मेंदूला इजा झाली की डोळे ठीक असूनही डाव्या बाजूची दखलच घेतली जात नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. मी विचारल्यावर काकूंना आठवलं, ताटात डावीकडे वाढलेलं रोज राहायचं. त्यांना वाटायचं, हल्ली चटणी-कोशिंबीर आवडत नाही.

मग पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही, हा नियम. लेसचं रीळ डावीकडे. पुठ्ठा डाव्या हाताने दाबून धरायचा, कात्री उजव्या हातात. आठवड्यातून २ दिवस, ४५ मिनिटं. “डावीकडे बघा” हे मला किती वेळा सांगावं लागलं, ते वहीत टिपत होते: पहिल्या दिवशी ११ वेळा, सहाव्या आठवड्यात ३.

मुलाला ती वही दाखवली. म्हटलं, फिजिओ हातात ताकद आणतात. तो हात उचलावासा वाटेल असं कारण शोधणं आणि त्यातून नेमकं काय सुधारायचं ते ठरवणं, हे माझं काम. फिजिओसारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत रिक्रिएशनल थेरपिस्ट आहे. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत मात्र मी अजून ‘खेळवाल्या मॅडम’.

आळस हा शब्द मात्र मी त्या घरात बंद करायला लावला. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. शिवाय मेंदूच्या इजेमुळे आपणहून काही सुरू करण्याची ऊर्मीच मंदावू शकते. टोमण्यांनी ती परत येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं होतं आणि गोळी सुरू झाली होती. तेव्हा सगळं श्रेय मखराला देऊ नका. तुमच्या घरी असं कुणी बसून असेल, तर आधी डॉक्टरांना हे सांगा आणि मग जुन्या आवडीनिवडी खणून काढा. ठोकळे विकत आणू नका.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेले, तर मखर उभं होतं. डावा खांब दोन बोटं आखूड. सूनबाईने खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायला घेतला.

“राहू दे,” काका म्हणाले. “दिसतंय मला. मी लावतो.”