माशांच्या काचेच्या टाकीला भोक पाडण्याआधी
ड्रिल हातात घेण्याआधी काच टफन (तापवून कडक) केलेली नाही ना, ते बघा. टफन काचेला भोक पडत नाही, क्षणात चुरा होतो. काही तयार टाक्यांचा तळ टफन असतो. शंका असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी बल्कहेड (भोकात बसवून पाइप जोडायचा नटवाला जोड) आणा, मग त्याच्या मापाचा डायमंड होल सॉ, म्हणजे हिऱ्याची कणी लावलेली गोल करवत. पाइप पाऊण इंची म्हणून भोकही पाऊण इंची पाडणारे मी पाहिलेत! कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी जागा सोडा.

टाकी आडवी करा, आतून चिकटपट्टी मारा, बाहेर मुलांच्या क्लेचं गोल आळं करून पाणी भरा. ड्रिल बॅटरीवरचा असला तर बरा. सॉ तिरका धरून सुरुवात करायची, खाच पडली की हळूहळू सरळ. वेग कमी, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद. दाबू नका, ड्रिलचं वजन पुरतं. पाणी दुधाळ झालं की बदला. शेवटी आवाज बदलतो, तिथे हात आणखी हलका. माझी पहिली टाकी तिथेच घाईत गेली, टिचकन आवाज अजून आठवतो.

रबरी वायसर बल्कहेडच्या कॉलरखाली, नट हातानेच आवळा. पान्हा नको.