बीडीएसनंतर ग्लोबल पब्लिक हेल्थ: क्रमवारी बघावी की कोर्स?

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बीडीएस होऊन धाराशिवजवळ चार वर्षं दातांचा दवाखाना चालवताय. ग्लोबल पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची एक वर्षाची ऑफर हातात आहे, महिनाअखेरीला डिपॉझिट भरायचंय, आणि वडील शेत तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. मुलगी तीन वर्षांची आहे. विद्यापीठाची क्रमवारी बघावी की कोर्स, असं तुम्ही विचारलंय.

मी बीएएमएस. मोखाड्याला आरबीएसकेच्या पथकात, म्हणजे अंगणवाड्या आणि शाळांतली मुलं तपासणाऱ्या पथकात, तीन वर्षं काम केलं आणि 2016 साली कर्ज काढून इंग्लंडला गेलो. तेव्हा मी क्रमवारीच बघितली होती. क्रमवारी आणि माहितीपत्रक. पत्रकाच्या पहिल्याच पानावर एका मुलाच्या दंडाला गुंडाळलेल्या, कुपोषण मोजायच्या रंगीत पट्टीचा फोटो होता. ती पट्टी माझ्या स्वतःच्या बॅगेत तीन वर्षं होती, तरी तो फोटो बघून मी भारावलो. तिथे गेल्यावर कळलं की फील्डवर्क ऐच्छिक आहे, तेही पदरमोड करून, आणि तुमच्या मार्गदर्शकाचा कुठे प्रकल्प चालू असेल तरच. माझ्या मार्गदर्शकाचा नव्हता. त्यामुळे महाराष्ट्रातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणावर मी प्रबंध लिहिला तो सात हजार किलोमीटर लांब, ग्रंथालयात बसून, दुसऱ्यांचे पेपर वाचून. ज्या पाड्यांवर मी स्वतः मुलांची वजनं केली होती, त्यांच्याबद्दल! ती रुखरुख अजून गेलेली नाही.

पण त्याच वर्षातला एक तास मला फार मोलाचा वाटतो. स्टॅटिस्टिक्सच्या प्रॅक्टिकलला सरांनी कुठल्याशा देशातल्या मुलांच्या वजनांचा आलेख पडद्यावर लावला. आलेख गुळगुळीत डोंगरासारखा यायला हवा, तर तो दिसत होता कंगव्यासारखा. दर अर्ध्या किलोला एक उंच दात, मधे खड्डा. सरांनी एवढंच विचारलं, "वजनं कोणी केली असतील, आणि कशी?" वर्ग गप्प. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मोखाड्यातली एक अंगणवाडी उभी राहिली. दाराच्या चौकटीवर खिळ्याला अडकवलेला वजनकाटा, खाली कापडी झोळीत पाय झाडत रडणारं पोर, थरथरणारा काटा, आणि एका हाताने पोराला सावरत दुसऱ्या हाताने रजिस्टर भरणारी ताई. सात. साडेसात. आठ. काटा थांबतच नाही, बाहेर अजून वीस आया बसल्यात, मग ती जवळचा आकडा लिहिते. त्या रजिस्टरवर मी तीन वर्षं सह्या केल्या होत्या आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. शंभर ग्रॅमच्या फरकाने एखादं मूल तीव्र कुपोषित ठरतं किंवा यादीतून सुटतं. जे सुटतं, त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात कोणी पाठवत नाही.

आमच्या कोर्समध्ये हा स्टॅटिस्टिक्सचा पुढचा भाग ऐच्छिक होता. निम्म्याहून जास्त वर्गाने तो घेतलाच नाही. त्यांनाही पदवी मिळाली, तीच, त्याच नावाची.

म्हणून मी म्हणतो, नाव आणि क्रमवारी बाजूला ठेवा आणि विषयांची यादी मागवा. एपिडेमिऑलॉजी (रोग कोणाला, कुठे, का होतो याचा अभ्यास) आणि बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं गणित) सक्तीचं आहे का, आणि किती तासांचं? खरा डेटा स्वतः साफ करायला लावतात का? प्रबंधासाठी माणसांपर्यंत जाता येतं का, की फक्त पेपरांचा आढावा? शिकवणाऱ्यांपैकी किती जण अजून गावांत, वस्त्यांत काम करतात? ज्या कोर्समध्ये 'वजन कोणी केलं' हा प्रश्न विचारणारा शिक्षक आहे, तो कोर्स.

नावातल्या 'ग्लोबल' शब्दाबद्दलही थोडं सांगतो, कारण त्याच शब्दाला मी भुललो होतो. लिव्हरपूलची ट्रॉपिकल मेडिसिनची संस्था 1898 ची, लंडनची 1899 ची. साम्राज्यातले अधिकारी, व्यापारी, सैनिक मलेरियाने मरत होते, त्या गरजेतून त्या उभ्या राहिल्या. मलेरियाचा परोपजीवी डासात सापडला तो रोनाल्ड रॉसला, 1897 मध्ये, सिकंदराबादला. म्हणजे पुरावा इथला आणि शाळा तिथली, ही रीत फार जुनी आहे. आज त्या संस्था बदलल्या आहेत आणि तिथलं शिक्षण उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण जगाच्या आरोग्याचा प्रश्न शोधायला जग फिरावं लागतं, हा समज मनातून काढून टाका.

तुमचा प्रश्न तर तुमच्या खुर्चीवर येऊन बसतोय. तुम्हीच लिहिलंय की रोज चार-पाच पेशंट तरी असे येतात ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, आणि त्यांतले बरेच पंचविशीच्या आतले. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. मग ही मुलं काय खातात, ते कुठून येतं, कितव्या वर्षी सवय लागते? तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार 2005 पासून लागू आहे आणि भारताने त्यावर सही केली आहे. त्या कराराचं तुमच्या तालुक्यातल्या पानटपरीवर काय झालं, हा अस्सल ग्लोबल हेल्थचा प्रश्न आहे, आणि तो बर्मिंगहॅमपेक्षा बार्शीत बसून जास्त चांगला सोडवता येईल. बार्शी मुद्दाम म्हटलं. तिथली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. ती तुमच्यापासून बसने तासाभरावर असेल. डिपॉझिट भरायच्या आधी एक दिवस तिथे जाऊन या. नोंद कशी घेतात, गावागावातून माहिती कशी जमवतात, ते बघा.

दुसरं उदाहरण तर थेट तुमच्या शाखेतलं. 1996 मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 13 पंचायतींमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. यंत्र नाही, प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंड बघायचं. 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. तोंडाच्या तपासणीबद्दल जगात कुठेही बोलणं निघालं तरी या चाचणीचं नाव घ्यावंच लागतं.

त्याच शहरात श्रीचित्रा संस्थेचं अच्युत मेनन सेंटर आहे. दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, 1997 पासून चालू. मला आज पुन्हा निवडायचं असतं तर मी तिथे अर्ज केला असता. साथरोगाचं काम आवडत असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था बघा. धोरण, पैसा, सरकारी यंत्रणा यांत रस असेल तर मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), आकड्यांतच जीव रमत असेल तर देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था, जिथून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम चालतं.

परदेशात जाऊच नका, असं माझं म्हणणं नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन कामाला लागले. अभय आणि राणी बंग 1984 मध्ये तिथूनच एमपीएच झाले आणि पुढे गडचिरोलीला गेले. बंगांनी 39 गावांत आरोग्यदूतांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी कमी होता, आणि आज आशाताई घरी येऊन बाळ बघतात त्यामागे तेच काम आहे. या चौघांनाही तिथे जाण्याआधी ग्रामीण भागातल्या कामाचा अनुभव होता आणि शिकून कुठे परतायचं हे माहीत होतं. तुम्हालाही ते माहीत असेल तर जरूर जा, पण शिष्यवृत्तीवर. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. जे. एन. टाटा एन्डाउमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं दारही ठोठावा.

घरचं बोलायला मला संकोच वाटतो, पण तुम्ही लिहिलंय म्हणून. जानेवारी 2024 पासून इंग्लंडमध्ये अशा एक वर्षाच्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना मुलं किंवा जोडीदार सोबत नेता येत नाही. एजंटने हे सांगितलंय का? मुलीपासून वर्षभर लांब राहायचं नसेल, तर लंडन स्कूल ऑफ हायजीनचं मास्टर्स घरबसल्या, सावकाश काही वर्षांत करता येतं. दवाखानाही चालू राहील.

नोकरीचं चित्रही सध्या वेगळं आहे. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशांना मदत देणारी आपली यूएसएड ही संस्था गुंडाळल्यावर एकट्या जॉन्स हॉपकिन्सने जगभरातली 2000 हून जास्त पदं रद्द केली. तो सगळा अनुभवी लोंढा आज त्याच नोकऱ्या शोधतोय, ज्या तुमच्या विद्यापीठाच्या पत्रकात 'करिअरच्या संधी' म्हणून छापल्या असतील. भारतात परत आलात तर एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी पदं मिळू शकतील. काम चांगलं असतं, पण त्या पगारातून परदेशी कर्जाचा हप्ता निघत नाही. मी सहा वर्षं फेडत होतो, आणि मी शेत तारण ठेवलं नव्हतं.

आता लगेच करण्यासारखं एकच. त्या विद्यापीठाला आजच ईमेल लिहा: मागच्या वर्षीच्या किती विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी स्वतः माहिती गोळा केली, कोणत्या देशात, आणि त्याचा खर्च कोणी केला? शिवाय गेल्या दोन वर्षांत शिकून गेलेल्या तीन भारतीय विद्यार्थ्यांशी बोलणं करून द्या म्हणावं. आठवड्यात सरळ उत्तर आलं नाही, तर डिपॉझिट भरू नका. उत्तर आलं तर इथे टाका, आपण ते मिळून वाचू.