एलायजातला ‘जा’ कुठून आला?

प्रश्न असा आहे: नावांच्या एका यादीत ‘एलायजा म्हणजे देवदूत’ असं दिलंय, ते बरोबर का? मराठीत लिहायचं कसं? आणि हे नाव सध्या चालतं का?

देवदूत अजिबात नाही. हिब्रूत देवदूत म्हणजे मलाख. एलियाहू (एलायजाचं मूळ हिब्रू रूप) हा नबी, मराठी बायबलच्या भाषेत संदेष्टा, आणि तोही त्याचा हुद्दा झाला, नावाचा अर्थ नव्हे. या यादीवाल्यांच्या हाती ‘तुकाराम’ लागला तर अर्थ ‘वाणी’ म्हणून छापतील!

मूळ नाव पाच अक्षरांचं: आलेफ, लामेद, योद, हे, वाव. उच्चार ए-लि-या-हू, जोर ‘या’वर. ‘एल’ म्हणजे देव. अरबी ‘इलाह’ याच सेमिटिक गोतावळ्यातला. मधला इकार ‘माझा’ या अर्थाचा किंवा नुसता सांधा. ‘याहू’ हे इस्राएलच्या देवाच्या नावाचं आखूड रूप. म्हणजे ‘याहू (हाच) माझा देव’. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल या दुसऱ्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर हा एकटा उभा राहतो, आणि शेवटी लोक दोनदा ओरडतात, ‘परमेश्वर हाच देव!’ अख्खी गर्दी त्याच्या नावाची फोडच ओरडत असते.

आता खरी गंमत. हे नाव उलटं करा: याहू पुढे, एल मागे. ‘योएल’ तयार होतं, इंग्रजीतला जोएल. अर्थ तोच. अशा जोड्या हिब्रूत बऱ्याच आहेत. हनन्याहू उलटा की योहानान, म्हणजे जॉन. नेतन्याहू (याहूनं दिला) उलटा की योनातान. १९७६ साली युगांडातल्या एन्टेबे विमानतळावर ओलीस सोडवण्याच्या कारवाईत मारला गेलेला इस्रायली अधिकारी योनातान नेतन्याहू होता; नाव आणि आडनाव जोडून वाचा, ‘याहूनं दिला, दिला याहूनं’!

असा हा ‘या’ इंग्रजीत ‘जा’ झाला तो निव्वळ लिपीच्या खोडीनं. लॅटिनमधल्या जे अक्षराचा उच्चार ‘य’. इंग्रजांनी अक्षर ठेवलं, उच्चार ‘ज’ केला, वर ‘ली’चा ‘लाय’ केला. म्हणजे नावात देव होता नेमकी तीच जागा बुजली. पुरावा हवा तर ‘हालेलूया’ घ्या. त्याच्या शेवटीही हाच याह, स्पेलिंगमध्ये तोच जे, आणि तिथे मात्र इंग्रजसुद्धा ‘या’च म्हणतो. आपल्या देवनागरीत ‘य’ही आहे, ‘ह’ही आहे, मग इंग्रजीचं उष्टं ‘एलायजा’ कशाला?

ग्रीकांना शब्दाच्या पोटात ‘ह’ लिहायची सोय नव्हती आणि पुरुषनामाला शेपटीचा ‘स’ हवा होता, म्हणून एलियास. अरबीत इल्यास, रशियनमध्ये इल्या. एलियास हा ग्रीक सूर्यदेव हेलिओसचाच अवतार असं काही विद्वान ध्वनीवरून ठरवतात. ग्रीसमधल्या डोंगरमाथ्यावरच्या एलियासच्या देवळांबद्दल त्यांनी खुशाल वाद घालावा. शब्दाला त्यात ओढू नये.

याच पठडीतला एक घरचा तर्क: कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, एलियाहूचं ‘एलोजी’ करत, त्यातला ‘जी’ हा एलायजाचाच ‘जा’. साफ चूक. शमुवेलचा समाजी आणि यहेज्केलचा हसाजी झाला, त्यांत कुठला आलाय ‘जा’? मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये मांडवी भागात उभारणारे समाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल. हा ‘जी’ मालोजी-राणोजीतला अस्सल मराठी. नेहमीच्या हाकेत मराठी वळण घेणारं हे नाव विधीत मात्र पूर्ण राहिलं, ‘एलियाहू हन्नाबी’. (‘ह’ हे हिब्रूतलं निश्चयदर्शक उपपद: ‘तो नबी’. हन्नाबी हे आडनाव नव्हे!) भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा कालवून त्याच्या नावानं मलिदा होतो, शेजारी फळं मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाला बेने इस्राएली म्हणत ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’. हिब्रू नाव, अरबी उरूस, मधे मराठी ‘चा’.

हां, चालतं का ते राहिलंच. इंग्रजी रूप जोरात आहे: अमेरिकेत २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षी मुलग्यांच्या नावांत चौथं. लिहिताना ‘एलियाहू’ लिहा, किंवा आखूड ‘एलिया’. बायबलातही दोन्ही रूपं येतात. ‘एली’ ठेवणार असाल तर हिब्रूत आलेफनं सुरू करा. आयिन या दुसऱ्या अक्षरानं लिहिलात तर तो शमुवेलला सांभाळणारा म्हातारा याजक एली होतो, आणि त्या नावात ‘एल’ही नाही, ‘याहू’ही नाही.