गणित आवडेनासं झालं, की गणितच बदललं?

प्रश्न: शाळेत गणितात मी नेहमी पहिली यायचे, म्हणून विद्यापीठात गणितच घेतलं. पहिल्या सत्रात रिअल ॲनालिसिसमध्ये, म्हणजे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) काटेकोरपणे सिद्ध करण्याच्या विषयात, जेमतेम पास झाले. इथे गणितं सोडवायची नसतातच, नुसतं ‘सिद्ध करा’. बाकीच्यांना कळतं, मलाच कळत नाही. घरचे म्हणतात, शिकवण्याखेरीज यात पुढे काय आहे, वेळीच विषय बदल. काय करू?

उत्तर: एका सत्राच्या गुणांवर विषय बदलू नकोस. शाळेत तू रीती शिकलीस आणि त्या वेगाने, बिनचूक वापरल्यास. विद्यापीठात विचारतात की ती रीत चालते का, आणि कुठे चालत नाही. हे वेगळं काम आहे. ते अंगवळणी पडायच्या आतच तू त्याची परीक्षा दिलीस.

न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्र उभं केलं, तेव्हा सीमा आणि सातत्य काटेकोरपणे सांगणारी एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या नव्हतीच. ती एकोणिसाव्या शतकातली. कोशीसारख्या गणितज्ञाने १८२१च्या पाठ्यपुस्तकात लिहिलं, की सतत (ढोबळमानाने, आलेख कुठे न तुटणाऱ्या) फलनांची अभिसारी श्रेणी, म्हणजे जिची अनंत पदांची बेरीज ठरावीक किमतीकडे जाते अशी श्रेणी, घेतली तर तिची बेरीजही सततच असते. त्याची सिद्धताही दिली. १८२६मध्ये आबेल या गणितज्ञाने त्याला अपवाद दाखवला, आणि त्या दुरुस्तीतून पुढे एकसमान अभिसरणाची (श्रेणी सगळ्या बिंदूंवर एकाच मापाने बेरजेजवळ जाण्याची) कल्पना पक्की झाली. ती तुला लवकरच शिकवतील. जिथे कोशीचा पाय घसरला, तिथे तू थबकलीस तर त्यावरून तुझी कुवत ठरत नाही.

मला काळजी वाटते ती तुझ्या अभ्यासाच्या पद्धतीची. बरेच विद्यार्थी सिद्धता पाठ करतात, आणि प्रश्न थोडा फिरवला की सगळं कोसळतं. तू व्याख्येपासून सुरू कर. प्रत्येक व्याख्येसाठी तिच्यात बसणारी दोन-तीन आणि न बसणारी दोन-तीन उदाहरणं स्वतः शोध. ‘पेन न उचलता आलेख काढता आला की फलन सतत’ हे शाळेतलं चित्र तुझ्या डोक्यात असेल. मग असं फलन घे: परिमेय संख्येला तीच संख्या देतं, अपरिमेय संख्येला शून्य. हे फक्त शून्यापाशी सतत आहे, बाकी कुठेच नाही. का, ते व्याख्या समोर ठेवून कागदावर मांड. यात एक अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ दे, दहा सिद्धता वाचण्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागेल. प्रमेय वाचताना एखादी अट काढून टाक आणि सिद्धता नेमकी कोणत्या ओळीत अडते ते बघ. मग पुस्तक मिटून तीच सिद्धता आपल्या शब्दांत लिही. आणि अडलं की शिक्षकांकडे जा, पण ‘काहीच कळत नाही’ म्हणू नकोस. ‘या ओळीनंतर अडते’ असं सांग. बाकीच्यांना सगळं कळतं हेही खरं मानू नकोस, वर्गात गप्प बसलेले बरेचजण तुझ्यासारखेच असतात.

आता घरच्यांचा प्रश्न. त्यांची काळजी रास्त आहे, पण माहिती अपुरी आहे. विम्यातलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशोब मांडण्याचं काम (त्याच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात), संख्याशास्त्र, डेटा सायन्स, क्रिप्टोग्राफी (कूटलेखन, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं शास्त्र), सगळीकडे गणिताचे पदवीधर आहेत. आरएसए ही कूटलेखनाची पद्धत १९७७मध्ये आली, आणि ती चालते याची सिद्धता ऑयलरच्या अठराव्या शतकातल्या प्रमेयावर उभी आहे. तरीही मोकळेपणाने सांगते, नुसत्या शुद्ध गणिताच्या पदवीवर नोकरी चालून येत नाही. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जेब्रा मन लावून कर, आणि पायथनसारखी एक प्रोग्रामिंगची भाषा हाताला बसव. संशोधनात जायचं असेल तर पीएचडीपर्यंतची बरीच वर्षं धरून चाल. हे घरी आत्ताच बोललेलं बरं.

विषय बदलणं हा पराभव नाही. पुढचं सत्र असा अभ्यास करून बघ. मग एकच तपास: न सुटलेला प्रश्न मनात घोळवायला तुला आवडतं, की त्याचा जाच वाटतो? आवडत असेल, तर गुण कमी असले तरी गणितातच राहा. जाच वाटत असेल आणि उत्तर हाती आल्याचाच आनंद जास्त असेल, तर संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र तुला अधिक मानवेल. बदलाचा अर्ज त्यानंतर भर. तोवर विद्यापीठात चौकशी करून ठेव, की या वर्षाचे कोणते विषय तिकडे ग्राह्य धरतात आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती.