इन्सुलिन भरलं, पण नाश्ता आलाय का?

प्रिय पोरी,

योग्य रुग्ण, औषध, डोस, मार्ग, वेळ ही पंचसूत्री तुला तोंडपाठ आहेच. पण वॉर्डात कित्येकदा पाचही गोष्टी कागदाशी जुळतात आणि तरी घोटाळा होतो. ऑर्डर रात्री लिहिलेली असते, डोस सकाळी जातो. मधल्या तासांत पेशंटचं काय बदललं, हे बेडशी उभं राहणाऱ्यालाच दिसतं.

इन्सुलिनचंच घे. नाश्त्याआधी रेग्युलर (लवकर काम करणारं इन्सुलिन) १० युनिट, साखर १४०. एवढ्यावर टोचून मोकळी होऊ नकोस. नाश्ता आलाय का? त्याला मळमळतंय का? तपासणीसाठी उपाशी ठेवलंय का? रेग्युलर साधारण अर्ध्या तासात काम सुरू करतं, ताटाची वाट बघत नाही. मग घाम, थरथर, चिडचिड. साखर ७०च्या खाली गेली आणि पेशंट नीट शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने दे, १५ मिनिटांनी पुन्हा तपास. गुंगीत असेल तर तोंडात थेंबही घालू नकोस. हाक मार, ग्लुकोज शिरेतून जायला हवं.

सिरिंजचा घोळ याहून वाईट. १००च्या (मिलीला १०० युनिट) व्हायलमधलं इन्सुलिन ४०च्या (मिलीला ४० युनिट) सिरिंजमध्ये १०च्या रेघेपर्यंत ओढलंस, तर आत २५ युनिट असतात. रेघ बरोबर, सही बरोबर, डोस अडीचपट. दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना ‘दहाच आहेत ना?’ असं विचारू नकोस. ती मान हलवून मोकळी होईल. ऑर्डर, व्हायल, सिरिंज तिच्यापुढे ठेव आणि आकडा तिलाच सांगू दे.

कधी डोस थांबवावाच लागतो. मात्र थांबवून गप्प बसलीस, तर तो नुसता चुकलेला डोस. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोज. १५ सेकंद मोजून चारने गुणू नकोस, अनियमित ठोके त्यात निसटतात. मोठ्या माणसात ६०च्या खाली भरले तर फोन कर, आणि फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ असलं मोघम नको. असं सांग: ‘सर, बेड ६. डिगॉक्सिनची वेळ झालीय, ठोके ५२, सकाळपासून मळमळ, आजचं पोटॅशियम ३.१. डोस थांबवलाय. ईसीजी काढू का?’ पोटॅशियम कमी असलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, म्हणून तो आकडा याच वाक्यात हवा.

उत्तरात बहुधा पोटॅशियम क्लोराइड लावायला सांगतील. ऑर्डर लिहून घे, उलट वाचून दाखव: किती, कशात, किती तासांत. लघवी होतेय का तेही बघ. हे औषध शिरेत थेट कधीच ढकलायचं नाही, हृदय बंद पडतं. आणि लटकत्या बाटलीत घालायचं नाही. ते जड असतं, तळाशी नळीच्या तोंडापाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच दाट आत जातं. क्लॅम्प बंद कर, बाटली खाली घे, औषध घाल, बाटली अनेकदा उलटसुलट कर, लेबल चिकटव, मगच टांग. हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या (पोटॅशियम मोजायचं एकक) वर जात नाहीत, म्हणजे २० असतील तर किमान दोन तास. ५०० मिली दोन तासांत, मिलीला २० थेंबांचा ड्रिप सेट: मिनिटाला ८३ थेंब. ‘हात जळतोय’ असं पेशंट म्हणाला तर ती कुरकुर समजू नकोस. वेग आणि सुईची जागा दोन्ही बघ.

एसआर, ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी पोटात जाणाऱ्या नळीतून द्यायची म्हणून कुटू नकोस. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. डॉक्टरांना दुसरं रूप विचार.

चुकीचा डोस गेलाच तर आधी पेशंटची नाडी, श्वास, बीपी, मग लगेच डॉक्टर आणि इन्चार्ज, आणि मग कागद. जे गेलं तेच लिहायचं. जुन्या नोंदीवर एक रेघ मारून सही कर, खाडाखोड नको.

आणि ट्रेमध्ये लेबल नसलेली भरलेली सिरिंज दिसली, ती तूच पाच मिनिटांपूर्वी भरलेली असली, तरी टाकून दे आणि नव्याने भर.