चावी कोणाकडे होती?

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा जिना उतरता उतरता तू म्हणालीस, "काका, मला दोन्ही बाजू बरोबर वाटतात. मी बहुतेक चुकीच्या ठिकाणी आले." खाली तुझी आई स्कूटर चालू करून उभी होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हटलं. रात्री झोप लागेना. अशी "बघू" मी आयुष्यात पुष्कळ दिली आहेत आणि त्यातली एक तर फारच महाग पडली. तिची गोष्ट पुढे येईलच.

लॉ कॉलेजच्या मूटमध्ये, म्हणजे तुमच्या लुटुपुटूच्या खटल्यात, तू लालमन शुक्लाची वकील होतीस. समोरचा मुलगा म्हणाला, बक्षिसाची माहितीच नव्हती तर प्रस्तावाची स्वीकृती कसली? आणि तू भर वर्गात म्हणून गेलीस, "हो, तेही बरोबर आहे." वर्ग हसला. हसू दे. त्या तासाला खरं बोललेली तू एकटीच असशील. तुझी चूक एवढीच, की तेवढं बोलून खाली बसलीस. धीर धर, जमेल वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला आई सांगेल.

मला एकच विचारायचं आहे. तू तो निकाल वाचला होतास का? निकाल म्हणतोय मी. सीनियरच्या नोट्स नाहीत, ग्रुपवर फिरणारी पीडीएफ नाही, पुस्तकातला चार ओळींचा चौकोन तर नाहीच. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९१३ चा निकाल. इतका छोटा आहे, की चहा निवायच्या आत वाचून होतो. वाचला नव्हतास. मला तुझ्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

आता बघ काय आहे त्यात. कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. मुनीम लालमनला शोधायला हरिद्वारला धाडलं. तो गेल्यावर मालकाने हस्तपत्रकं काढली, मुलगा शोधून देईल त्याला ५०१ रुपये. लालमनला मुलगा सापडला. पुढे मालकाशी बिनसलं, नोकरी गेली, आणि त्याने बक्षिसासाठी दावा लावला. तो हरला. पुस्तकं एका ओळीत सांगतात: प्रस्तावाची माहिती नसेल तर स्वीकृती नाही. हे वाक्य निकालात आहे, नाही असं नाही. पण आणखी खाली वाच. न्यायाधीश तिथे थांबत नाहीत. ते म्हणतात, हा माणूस नोकर होता, नोकर म्हणूनच शोधायला गेला होता, बक्षीस जाहीर होण्याआधीच त्याच्यावर ती जबाबदारी होती, म्हणून त्याला बक्षीस मागता येत नाही.

तो "म्हणून" बघितलास? तो कशावर टेकला आहे? माहिती नसण्यावर, की नोकर असण्यावर? लालमन मुनीम नसून हरिद्वारच्या घाटावरचा एखादा फुलवाला असता तर? किंवा मुनीमच, पण पत्रक खिशात घेऊन निघालेला? हे तू स्वतःला विचारलं असतंस, तर समोरच्याला म्हणाली असतीस, "हो, तेही बरोबर आहे, पण हा निकाल फक्त तुमच्या मुद्द्यावर उभा नाही." त्याला घाम फुटला असता. तुझ्या बाजूला करार कायद्याचं कलम ८ होतं, अटी पुऱ्या करणं हीच स्वीकृती. तेही तू वापरलं नाहीस. असो.

आता माझी गोष्ट. सनद मिळून तीन वर्षं झाली होती. बडोद्याची कोर्टं तेव्हा सुरसागर तलावासमोरच्या न्यायमंदिरात भरायची; दिवाळीपुऱ्याची इमारत पुष्कळ नंतरची. (ती वास्तू मुळात भाजीबाजारासाठी बांधली होती म्हणतात. आम्ही जुनिअर त्यावर पाचकळ विनोद करायचो.) माझ्याकडे एक शिंपी आला. गल्लीतलं दुकान, भाडं नियमित. मालकाचा दावा असा, की याने पोटभाडेकरू ठेवला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याचं कलम १३, बेदखलीचं कारण. झालं होतं एवढंच, की शिंप्याने मेव्हण्याला दुसरं मशीन टाकून शेजारी बसवला होता.

मला एक निवाडा सापडला. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या डोक्यावर छापलेला सारांश, अशी गोड, की वाटलं हा आपल्यासाठीच लिहिला आहे: नातेवाइकाला जागेत बसू देणं म्हणजे पोटभाड्याने देणं नव्हे. मी तेवढीच उतरवून घेतली. ज्यांच्या हाताखाली होतो त्यांना विचारलं, पूर्ण वाचू का? ते म्हणाले, वेळ कोणाला आहे. मला तेच ऐकायचं होतं, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

युक्तिवादाच्या दिवशी मी हेडनोट खणखणीत आवाजात वाचली. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, त्या खटल्यात दुकानाची चावी कोणाकडे होती?"

मी कागद बघितला. कागदात चावी नव्हती. म्हणालो, "बघून सांगतो, साहेब."

हीच ती महाग पडलेली "बघू".

संध्याकाळी लायब्ररीत बसून पूर्ण निवाडा वाचला. सातव्या पानावर होतं सगळं. त्या खटल्यातला भाडेकरू स्वतः दुकान उघडत होता, स्वतः बंद करत होता, चावी त्याच्याच कनवटीला, म्हणून ताबा त्याने सोडला नव्हता, म्हणून पोटभाडं नव्हतं. सगळा निवाडा त्या चावीवर टांगलेला. आणि माझ्या शिंप्याच्या जबानीत चावीचा उल्लेखसुद्धा नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. विरुद्ध वकिलाने कशाला विचारावं? दावा आमच्याविरुद्ध गेला. अपिलात पुरावा जोडू द्या म्हणून अर्ज केला; दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम २७ काय म्हणतो ते तू पुढे शिकशील. वकिलाने विचारायचं राहून गेलं, हे नवा पुरावा घ्यायला कारण होत नाही. होऊही नये.

निकाल सांगितला तेव्हा शिंपी पायऱ्यांवरच बसला. म्हणाला, "साहेब, चावी तो मारी पासे ज हती. तमे पूछ्युं ज नहीं." चावी तर माझ्याकडेच होती, तुम्ही विचारलंच नाही.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. कोणताही निवाडा हातात आला, की मी आधी "म्हणून" शोधतो आणि विचारतो, इथे चावी कोणाकडे? म्हणजे अशी कोणती हकीकत आहे, जी बदलली तर निकाल फिरेल? ती सापडेपर्यंत तो निवाडा मी तोंडातून काढत नाही. माझे जुनिअर याला कंटाळून सोडून गेले. एकाने तर जाताना सांगितलं, "काका, तुम्ही एका खटल्याला लावता तेवढ्या वेळात लोक दहा उरकतात." बरोबर बोलला. माझ्या बरोबरीचे अहमदाबादला हायकोर्टात गेले, अलकापुरीत बंगले झाले. मी इथेच, दांडिया बाजारात, दोन खोल्यांच्या ऑफिसात. मला त्याचं काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं. पण न वाचलेला निवाडा पुन्हा कधी कोर्टापुढे ठेवला नाही, एवढं सांगू शकतो. तुला त्याची किंमत वाटते का ते तू ठरव. मला वाटायलाच हवी, नाहीतर उरलं काय माझ्याकडे?

विषय सोडून गेलो.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे जुन्या तर्कपंडितांनी, अनुमानाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धूर असलेला आहे. म्हणून आग आहे. चौथा बघ, उपनय. "हा डोंगरही तसाच." तुमच्या उत्तरपत्रिकेत नियम असतो, उदाहरण असतं, आणि एकदम निगमन. उपनय गाळलेला. अगं, भांडण सगळं तिथेच असतं! तो धूर होता की धुकं, हे कोण सांगणार? माझ्या शिंप्याचं दुकान उपनयात गेलं.

नियम साधा असला तरी सुटका नाही. कमाटी बागेच्या फाटकावर पाटी लावली, "आत वाहन नेण्यास मनाई". मोटार नको, हे शेंबडं पोरही सांगेल. लहान मुलाची तीनचाकी? आजीची चाकांची खुर्ची? आइस्क्रीमची लारी? आणि मुलांची छोटी आगगाडी? उदाहरण मुळात माझं नाही, ऑक्सफर्डच्या हार्टने १९५८ मध्ये मांडलं. मी फक्त ते कमाटी बागेत आणलं. तो म्हणाला, शब्दाला पक्का गाभा असतो आणि कडेला धूसर पट्टा. भांडणं पट्ट्यात होतात. हार्वर्डच्या फुलरने त्याच वर्षी उलट विचारलं, युद्धात वापरलेला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर बसवला, तर तो गाभ्यात की पट्ट्यात? म्हणजे नियम कशासाठी केला हे बघितल्याशिवाय गाभासुद्धा कळत नाही. दोघांचं वाचून तू म्हणशील, दोन्ही बरोबर. म्हण. मग विचार, कोणत्या वाहनाशी आल्यावर दोघांची उत्तरं वेगळी पडतात? तिथे चावी.

आता तुझी दुसरी तक्रार, ज्युरिस्प्रुडन्स, कायद्याचं तत्त्वज्ञान, म्हणजे नुसती मेलेल्या गोऱ्यांची नावं. इंग्रज कायदेपंडित ऑस्टिनने कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि मागे शिक्षेचा धाक म्हटलं, हे तू पाठ केलंस. बडोद्यात राहून पाठ केलंस, याचा मला राग येतो. सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला. सार्वभौम होता, निदान रयतेपुरता, आज्ञा होती, दंड होता. लोकांनी काय केलं? दंड भरले आणि लग्नं लावली. ऑस्टिनच्या हिशेबात तो कायदाच. पण दंडाच्या भीतीने माणूस वागतो आणि हे आपल्याला बांधील आहे असं मानून वागतो, यात फरक आहे की नाही? हार्टने ऑस्टिनला गाठलं ते याच फरकावर. तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि तू लंडनचं उदाहरण लिहून आलीस.

त्याच कमाटी बागेत १९१७ साली डॉ. आंबेडकर झाडाखाली बसले होते. महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, परत आल्यावर दरबारात नोकरी दिली. राहायला मात्र या गावात कोणी जागा दिली नाही; पारशी धर्मशाळेतून हाकललं. आज्ञा नोकरीपर्यंत पोचली, खोलीपर्यंत पोचली नाही. कायदा म्हणजे काय, हा प्रश्न पुस्तकी वाटला की त्या झाडाकडे जाऊन ये. सयाजीरावांची थोरवी सांगताना आपण मराठी माणसं एवढा भाग घाईने उरकतो, तेही बघून ठेव.

सिद्धांत लागतो कुठे, ते एका निकालावरून सांगतो आणि आवरतो. २८ एप्रिल १९७६, सर्वोच्च न्यायालय, एडीएम जबलपूर खटला. आणीबाणीत डांबलेली माणसं हेबियस कॉर्पस, म्हणजे आपली अटक कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं, असं मागत होती. पाच न्यायाधीश, हकीकत तीच, राज्यघटना तीच, राष्ट्रपतींचा आदेश तोच. चौघे म्हणाले, अनुच्छेद २१ साठी, म्हणजे जीव आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित आहे, म्हणून दार बंद. एकटे खन्ना म्हणाले, कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावायचा अधिकार राज्याला अनुच्छेद २१ नसतं तरी मिळाला नसता, म्हणून दार उघडं. दोन "म्हणून". इथे तुला हकीकत तपासून चावी सापडणार नाही, कारण हकीकतीवर वादच नाही. वाद असा, की हक्क कागदातून येतो की कागदाच्या आधीपासून असतो. हकीकती संपतात आणि दोन प्रामाणिक माणसं तरीही वेगळी उत्तरं देतात, तेव्हा ज्युरिस्प्रुडन्स लागतं. त्याआधी नाही. खन्नांना डावलून १९७७ मध्ये त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात तो बहुमताचा निकाल मोडीत काढला. एक्केचाळीस वर्षं लागली. माझ्या संथपणाला हसणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो. तो मुद्दा वेगळा आहे हे मला कळतं, तरी सांगतो.

तर दोन्ही बाजू बरोबर वाटतात म्हणून तू चुकीच्या ठिकाणी आलेली नाहीस. ज्याला एकच बाजू बरोबर वाटते, त्याने न वाचताच बाजू घेतलेली असण्याचा संभव मोठा. पण दोन्ही बरोबर वाटून तू खाली बसलीस तर तुझ्या अशिलाचं काय? तो पायऱ्यांवर बसेल.

गेल्या महिन्यात त्या गल्लीतून गेलो होतो. शिंप्याच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. काचेचा दरवाजा, दोन पोरं आत. विचारावंसं वाटलं, चावी कोणाकडे असते. विचारलं नाही.

रविवारी ये. चारनंतर, दुपारी मी झोपतो. लालमनचा पूर्ण निकाल छापून आण, मोबाइलवर नको, मला त्यावर पेन्सिल चालवायची आहे. त्यात जिथे जिथे "म्हणून" आहे तिथे खूण कर आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिही, काय बदललं तर हा "म्हणून" पडेल. नियम लिहून आणलास तर परत पाठवीन. आईला सांग, स्कूटर बंद करून वर यायचं, चहा माझ्याकडे.

तुझा,
काका