ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स करायचंय?

पदवीचं नाव बघून प्रवेश घेऊ नकोस, आधी अभ्यासक्रम वाच. ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन म्हणजे कंपनी किंवा संस्थेतल्या माणसांमधल्या संवादाचा अभ्यास. या नावाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे क्वचितच दिसते. विषय जनसंवादात किंवा एमबीएत सामावलेला असतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा जनसंवादाचा विभाग आहे, पण तिथला कल पत्रकारितेकडे. सिम्बायोसिसच्या लवळ्याच्या एसआयएमसी या माध्यम-संवादाच्या संस्थेत कम्युनिकेशन मॅनेजमेंटचं एमबीए आहे, त्याला स्नॅप ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फीचा हिशेब घरच्यांसोबत बसून कर.

मला विचारशील तर खरी गोडी संशोधनात आहे. १९२४ साली शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला की उत्पादन वाढतं का, हे तपासायला सुरुवात झाली. पुढे लक्ष वळलं ते कामगारांचं आपसातलं नातं आणि त्यांचं कुणी ऐकून घेतं का, याकडे. (त्या निष्कर्षांवर बरीच टीका झाली, तीही जरूर वाच.) तसाच प्रश्न तू चाकणच्या एखाद्या कारखान्यात विचारू शकतोस: नोटीस बोर्डावरची सूचना कुठल्या भाषेत लागते, कंत्राटी कामगाराला ती कळते का, रात्रपाळीपर्यंत कोण पोचवतं?

प्रबंधाचा विषय असा जवळचाच घे. कंपनीची परवानगी मिळायला फार वेळ जातो, म्हणून एचआरकडे पत्र पहिल्याच सत्रात दे.